अंगठा उचलायचा नाही

१

डाव्या अंगठ्याने चालायचे, उजव्याने बघायचे. गोळी झाडायचे मुख्य बटणही उजवीकडे. म्हणजे उजव्या अंगठ्याला एकाच वेळी मानही वळवायची आहे आणि चापही ओढायचा आहे. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा फोनवरचा खेळ, पोरांच्या तोंडी बीजीएमआय, शिकायला बसले की पहिली गाठ हीच. क्लॉ, गायरो, सेन्सिटिव्हिटी हे पुढचे सगळे प्रकार ही एक गाठ सोडवण्यासाठी निघाले.

२

भाचा : "आत्ती, अंगठा उचलायचा न्हाई. घासत न्यायचा."

३

मी कोल्हापुरात टायपिंग शिकवते. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एकच सांगते, कळफलकाकडे बघायचे नाही. ते त्याला जमते, कारण एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची बोटे आपापल्या घरी पोचतात. जुन्या नोकियाच्या फोनवर पाचाच्या कळीवर तशीच खूण असायची. फोन खिशात ठेवून, न बघता नंबर लावणारी माणसे मी पाहिली आहेत.

काचेवर उंचवटा नाही, कड नाही, खाच नाही. बोट बटणावर आहे की बटणाच्या शेजारी, हे बोटाला कळायला मार्गच नाही. गोळी सुटली तर होते. नाही सुटली तर नव्हते.

४

काच दाब मोजत नाही. काचेखाली पारदर्शक वाहकाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, उभ्याआडव्या रेषांची जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक. बोट टेकले की त्या जागी जाळीची धारिता बदलते आणि आतली चिप तो बदल हेरून जागा ठरवते. जोरात दाबल्याने काहीही जास्त घडत नाही. तरी शत्रू समोर आला की अंगठ्याचे नख पांढरे पडेपर्यंत दाबले जाते. वर्गातही परीक्षेच्या दिवशी कळा जास्त वाजतात.

५

धारितेवर चालणारा स्पर्शपडदा ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये मांडला. ते इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करत. पडदा हवा होता तो विमानवाहतूक नियंत्रकांसाठी.

बीजीएमआयचा नेहमीचा सामना शंभर जणांनी विमानातून उड्या मारून सुरू होतो.

६

प्रशिक्षण मैदान ही या खेळातली मला सर्वांत आवडलेली जागा. तिथे घाई नाही. बंदुका मांडून ठेवलेल्या, समोर वेगवेगळ्या अंतरांवर लक्ष्ये. एम४१६ घ्यायची, तिच्यात ५.५६ च्या ३० गोळ्या. बटण दाबून धरले की नळी वर चढत जाते. पहिल्या गोळ्या छातीवर लागतात, पुढच्या डोक्यावरून जातात. ही चढण अंगठा खाली ओढून मोडायची. किती ओढायचे ते बंदुकीगणिक वेगळे, ७.६२ ची एकेएम जास्त उसळते. दुर्बिणीगणिकही वेगळे. चित्र जितके जवळ येईल तितकी तीच उसळी पडद्यावर मोठी दिसते. म्हणून सेटिंगमध्ये लाल ठिपका, २ एक्स, ३ एक्स, ४ एक्स, ६ एक्स, ८ एक्स अशा प्रत्येक दुर्बिणीला सेन्सिटिव्हिटीची स्वतंत्र टक्केवारी देता येते. नुसते बघतानाची वेगळी, गोळ्या झाडतानाची वेगळी, गायरोची, म्हणजे फोन कलवून नेम धरतानाची, आणखी वेगळी.

हे आकडे ठरवायची पोरांची रीत मला फार पटली. भिंतीसमोर उभे राहायचे, सगळ्या गोळ्या एका दमात झाडायच्या आणि भिंतीवरचे ठसे वाचायचे. ठसे वर चढत गेले तर ओढ कमी पडतेय. खाली घसरले तर जास्त होतेय. एका बाजूला झुकले तर अंगठा सरळ न येता तिरका येतोय. मग टक्केवारी थोडी हलवायची आणि पुन्हा भिंत. यंत्रावर टाइप केलेला कागद आम्ही असाच वाचायचो. एखादे अक्षर फिकट उमटले की कोणते बोट आळशी आहे ते कळायचे.

७

झाडायचे बटण दाबल्यावर अंगठा तिथेच अडकत नाही. तो न उचलता सरकवला तर दृश्यही त्याच्याबरोबर वळते. एकच अंगठा, दोन्ही कामे. वरच्या क्रमांक दोनचा अर्थ हा.

८

दोन अंगठ्यांवर खेळणारा तो थंब प्लेअर. डावी तर्जनी वरच्या कोपऱ्यात आणून गोळीबार तिच्याकडे दिला की तीन बोटी. उजव्या तर्जनीला दुर्बीण दिली की चार बोटी. पोरे याला क्लॉ म्हणतात. फोन मधल्या बोटांवर तोलायचा. उजवा अंगठा आता फक्त बघतो.

सुरुवातीला खेळ चांगलाच बिघडतो. दोन बोटांनी टकटक करून बऱ्यापैकी टाइप करणारी माणसे माझ्याकडे येतात. त्यांना दहा बोटांवर आणले की वेग पार खाली पडतो आणि ती घाबरतात. मी त्यांना सांगते, जुन्या सवयीवर परत जाऊ नका. भाचा मला तेच सांगतो.

९

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिक, ५० मीटर रायफल, तीन स्थिती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ४५१.४ गुण, कांस्यपदक. स्थितींचा क्रम : गुडघ्यावर, पालथे, उभे.

बीजीएमआयमध्ये उजवीकडे खाली दोन बटणे शेजारीशेजारी. एकाने बसायचे, एकाने पालथे पडायचे. कोणतेच दाबले नाही तर उभे.

१०

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. अँड्रॉइडच्या रचनाकारांना गूगलचा सल्ला आहे की, बटण सुमारे नऊ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नये, बोट चुकते.

११

आई : "कुणाला मारतोयस रे?"

भाचा : "बॉट हाय आजी. माणूस न्हाई."

नव्या खेळाडूला सुरुवातीच्या सामन्यांत असे यंत्राने चालवलेले गडी पुष्कळ भेटतात. आईने विचारले, "त्याला कळतं का?" आणि उत्तराची वाट न बघता ती स्वयंपाकघरात गेली.

१२

मे महिन्यात काचेवर दुसराच शत्रू येतो, घाम. घामात क्षार असतात, तोही विजेचा वाहक. ओला अंगठा आधी चिकटतो, मग घसरतो, आणि कधी काचेला वाटते की दोन बोटे आहेत. पोरे कॅरमची पावडर चोळतात. बाजारात अंगठ्याच्या टोप्या मिळतात, फिंगर स्लीव्ह. नुसते कापड असते तर काचेला बोट लागलेच नसते. म्हणून त्यांच्या विणीत चांदीचा किंवा कार्बनचा वाहक धागा असतो.

चांदीचा धागा आमच्या घरात आजवर आजीच्या शालूतच होता.

१३

गॅस्पार गुस्ताव्ह कोरिओलिस, फ्रान्स, १८३५. पाणचक्कीसारख्या फिरणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करताना त्यांनी दाखवले की फिरत्या चौकटीतून बघितले तर सरळ चाललेली वस्तू बाजूला ढकलल्यासारखी वागते.

फोनमधला जायरोस्कोप, पोरांचा गायरो, याच तत्त्वावर चालतो. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत थरथरत ठेवलेला असतो. फोन वळला की तो किंचित बाजूला सरकतो, आणि ते सरकणे मोजले जाते. फोनमध्ये हे पहिल्यांदा आले २०१० च्या आयफोन ४ मध्ये. आता नळीची उसळी दाबायला अंगठा ओढायची गरज नाही. फोनच हलका पुढे कलवायचा.

मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो. अंगठ्याला मनगट मिळाले. काच मुकी आहे, पण फोनला वजन आहे, आणि ते वजन किती कलले हे मनगटाला नीट कळते. ज्या स्पर्शावर बोटांनी पाणी सोडले होते तो मागच्या दाराने परत आला.

१४

खंबाटकी घाटात गायरो बंद ठेवावा. गाडी वळली की नेमही वळतो.

१५

१९९७. 'क्वेक' या खेळाची रेड अॅनिहिलेशन नावाची स्पर्धा. जिंकला डेनिस फाँग, खेळातले नाव थ्रेश. बक्षीस म्हणून खेळाचा एक निर्माता जॉन कार्मॅक याने स्वतःची फेरारी दिली. फाँगचा डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर आणि उजवा माउसवर. ही बैठक पुढे जगभर रुळली, त्यात त्याच्या जिंकण्याचा मोठा वाटा होता. कळफलक कारखान्याने केला. बोटे कुठे टेकवायची ते खेळणाऱ्याने ठरवले.

२००९ मध्ये याच कार्मॅकने 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि 'डूम' हे आपले जुने खेळ आयफोनवर आणले. साडेतीन इंचांचा पडदा. चालायचे, वळायचे, झाडायचे, सगळे तेवढ्यातच, आणि शत्रूही तिथेच दिसायला हवा.

१६

बोट बटण झाकते तेव्हा बटणामागचा रस्ताही झाकते. कुठलेही बटण ठेवताना दोन प्रश्न विचारावे लागतात. बोट तिथे पोचेल का? आणि त्या बोटाआडून कोणी येईल का?

१७

'क्वर्टी' मांडणी १८७० च्या दशकातली, शोल्स यांच्या यंत्रावरची. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय टायपरायटर बाजारात आणला, इंग्रजी कळा त्याच क्रमाने. महाराष्ट्रात पुढे यंत्रावरची टायपिंग परीक्षा संपली, तिच्या जागी संगणकावरची आली. क्रम हलला नाही.

बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये प्रत्येक बटण बोटाने उचलून कुठेही नेता येते, मोठे-लहान करता येते, फिके करता येते. मांडणी जमली की तिचा कोड निघतो आणि तो दुसऱ्याला देता येतो.

भाच्याने मला त्याचा कोड दिला. त्याचा पंजा माझ्यापेक्षा मोठा. दुर्बिणीचे बटण माझ्या तर्जनीच्या पल्ल्याबाहेर गेले. मी ते आत ओढले, उडीचे वर नेले, पिशवीचे खाली सरकवले. दुसऱ्याची मांडणी घेऊन सुरुवात करावी, पण तिच्यावर राहू नये. वर्गात हे मला कुणाला सांगता येत नाही; तिथे मांडणी सरकारी आहे.

१८

२ सप्टेंबर २०२० : पब्जी मोबाइलसह ११८ अॅपवर भारतात बंदी.
२ जुलै २०२१ : तोच खेळ बीजीएमआय म्हणून अँड्रॉइडवर.
जुलै २०२२ : बीजीएमआय अॅपच्या दुकानांतून गायब.
मे २०२३ : परत.

दुसऱ्या बंदीच्या वेळी भाच्याने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर फोनच्या मापाचा आयत काढून सगळी बटणे पेन्सिलीने आखून ठेवली. शेजारी दुर्बिणींचे आकडे. ते पान मी बघितले आहे. त्या वहीतली सर्वांत स्वच्छ आकृती तीच.

१९

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला ऐकू येत नाही. टायपिंगला अडत नाही. बीजीएमआयलाही अडत नाही, असे त्याने लिहून सांगितले. जवळ कुणी चालले की छोट्या नकाशावर पावलांची खूण उमटते, गोळी सुटली की गोळीची. ऐकणारी पोरे कानात बोंडे घालून जे ऐकतात ते तो कोपऱ्यात वाचतो. त्याची डावी तर्जनी माझ्यापेक्षा खूपच जलद आहे.

२०

खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचे. काच बोटाची जागा सेकंदाला २४० वेळा तपासत असेल तर दर ४.२ मिलिसेकंदांनी. दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात.

स्वस्त फोनवर ही तपासणी सावकाश होते, म्हणून त्यावर शिकलेली पोरे वेगळी खेळतात. काच उशिरा ऐकते हे त्यांना ठाऊक असते, आणि कोपऱ्यावरून कुणी येणार याची अटकळ बांधून ती आधीच बोट टेकवतात. चौकातल्या कट्ट्यावर चार जणांत एक फोन तडा गेलेला असतो. तडा कुठून जातो ते बघून त्या पोराने झाडायचे बटण दोन बोटे वर घेतलेले असते.

२१

फ्रिट्झ द केर्व्हेन, स्विस शल्यविशारद, १८९५. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, स्नायूबंधांच्या नळीला सूज येऊन होणाऱ्या दुखण्याचे वर्णन त्यांनी केले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पिळणे, उचलणे, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे. तान्ही बाळे सतत उचलणाऱ्या आयांना ते होते. आता फोनवाल्यांनाही.

फोन धरून अंगठा ताणला की मनगट करंगळीच्या बाजूला वाकते, तिथेच ओढ बसते. मांडीवर उशी घ्यावी, कोपर टेकवावे, मनगट सरळ ठेवावे. दुखले तर त्या दिवशी थांबावे आणि राहिलेच तर डॉक्टरांना दाखवावे. वर्गात मी हेच सांगते आणि कुणी ऐकले नाही तर खुर्चीमागे उभी राहते. २०२३ मध्ये खेळ परतला तेव्हा अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. माझ्या मते तीही फार आहे. आमच्याकडे तासभर, आणि मध्ये एकदा हात झटकायला उठायचे.

२२

"नुसता मोबाइल घेऊन बसतो." हे वाक्य मी भावाच्या तोंडून ऐकले आहे, वर्गातल्या पालकांच्या तोंडूनही. वेळेबद्दल त्यांचे खरे आहे. पण 'नुसता' नाही. डावा अंगठा पळतोय, डावी तर्जनी झाडतेय, उजवा अंगठा बघतोय, उजवी तर्जनी दुर्बीण उघडून मिटतेय, मनगटे उसळी जिरवताहेत आणि तोंडाने चालले आहे, "झाडामागं एक हाय, मी नॉक केलाय, तू कव्हर घे." मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणाऱ्या हाताला मी मान देते. या हातालाही देते.

२३

सामन्यात शिकता येत नाही. वीस मिनिटे पळायचे, वेचायचे, लपायचे आणि प्रत्यक्ष गाठ पडते ती काही सेकंद. शिकायचे टीडीएममध्ये, म्हणजे टीम डेथमॅचमध्ये. गोदामात चार विरुद्ध चार, आधी चाळीस टिपेल तो संघ जिंकला. मेले की लगेच परत उभे. तीच गाठ दहा मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा पडते.

२४

नेमाला मदत करणारी सोय सेटिंगमध्ये आहे, एम असिस्ट. शत्रूजवळ नेम आला की तो हलकासा ओढला जातो. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये तर सोपा प्रकार निवडला की शत्रूवर नेम येताच गोळी आपोआप सुटते. भाच्याचे मत : "चालू ठेव. पन लांबचा मारायला त्याच्यावर बसू नको."

त्याचे बरोबर आहे. जवळच्या मारामारीत ती ओढ कामाची, आणि नवख्याला खेळात टिकवून ठेवणारी. काचेने बोटाकडून जे काढून घेतले त्यातले थोडे ती परत देते.

२५

भाच्याने सुट्टीत मराठी तीस शब्द प्रतिमिनिटाला नाव घातले. हातावर रुमाल टाकून बसवला. थोड्या वेळाने रुमालाखालून आवाज.

"आत्ती, ही कळ जरा हिकडं घेता येत न्हाई व्हय?"

"न्हाई."

२६

खिडकीतून पीक करणे, म्हणजे अंग आडोशाला ठेवून नुसते डोके आणि बंदूक बाहेर काढणे, याला दोन बटणे आहेत, डावे आणि उजवे. आडोशाच्या कोणत्या कडेला उभे आहोत त्याप्रमाणे दाबायचे. पीक करताना दुर्बीण आपोआप उघडावी अशीही सोय आहे. ती लावली की एक बोट वाचते.

२७

या आठवड्याचा सराव. लाल ठिपका, एम४१६, भिंत. आधी उभ्याने, मग बसून, मग चालता चालता. ३ एक्स त्यानंतर. गायरो फक्त दुर्बीण उघडल्यावर चालू, टक्केवारी भाच्यापेक्षा कमी. डावी तर्जनी बटणाच्या कडेवर नको, मध्यावर.